दुनळीचं दुखणं

निवडणुकीची आचारसंहिता लागली, की नवी मुंबईतल्या पोलीस ठाण्यांत काही दिवस एक वेगळीच वर्दळ असते. छाननी समितीच्या यादीत ज्यांची नावं येतात, ते परवानाधारक आपापली हत्यारं जमा करायला येतात. बांधकामवाल्यांची रिव्हॉल्व्हरं आणि पिस्तुलं लहानशा पेटीतून येतात आणि पावती खिशात घालून मंडळी पाच मिनिटांत गाडीत बसतात. उरण-पनवेलच्या गावांतून येणारं हत्यार मात्र चांगलं चार फूट लांब असतं. रेक्झिनच्या फाटक्या पिशवीत, नाहीतर जुन्या चादरीत गुंडाळलेली बारा बोरची दुनळी. हवालदार ती मोडून दाखवायला सांगतो, म्हणजे वरचा खटका अंगठ्याने सरकवून नळ्या खाली पाडायला सांगतो, आत काडतूस राहिलेलं नाही ना ते बघायला. आणि बऱ्याचदा खटका सरकतच नाही. मालक गुडघ्यावर धरून जोर लावतो, हवालदार बाजूला होतो, मागून कुणीतरी म्हणतं, ‘काका, नळी तिकडं करा जरा.’

उरण तालुक्यातल्या अशाच एका काकांनी मला त्यांच्या बंदुकीची स्थिती एका वाक्यात सांगितली होती. ‘बंदूक हाय, परवाना हाय, पन बार नाय होत.’

या बंदुका इथे आल्या कशा, हे आजच्या नवी मुंबईकडे बघून पटकन लक्षात येत नाही. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर शहर उभं राहायला लागलं. त्याआधी इथे खाजणातली भातशेती होती, मिठागरं होती. कर्नाळ्याच्या बाजूने रानडुकरं उतरायची आणि हिवाळ्यात खाडीवर बदकं बसायची. गावात एखाद-दुसऱ्या खात्यापित्या घरी परवान्याची बंदूक असे. तिचा उपयोग पिकाच्या राखणीला होई, दरोडेखोरांच्या धाकाला होई, आणि खरं सांगायचं तर सर्वात जास्त सशा-बदकांच्या शिकारीला होई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार आवळली, सिडकोने शेती संपवली. बंदूक तेवढी राहिली. जमिनीच्या मोबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटबरोबर बारा बोरची बंदूकही वारसाने पुढच्या पिढीकडे आली. प्लॉटवर इमारत झाली. बंदूक कपाटावर गेली.

कपाटावरच्या या बंदुकांमध्ये अस्सल विलायती फार थोड्या. बहुतेक सगळ्या देशी बनावटीच्या, इंग्रजी बंदुकीबरहुकूम केलेल्या नकला आहेत. त्यांचं दुखणं काय आणि ते बरं का होत नाही, हा या लेखाचा विषय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: दुनळीची नक्कल करणाऱ्याला तिचा आकार उचलता आला, तिची बसवणी उचलता आली नाही. मोडतोड होते ती सगळी बसवणीत. आणि बसवणी सुधारणारा माणूस आता मिळत नाही, त्यात थोडा हात काळाचा आहे आणि बराचसा कायद्याचा.

‘बारा बोर’ म्हणजे काय ते एकदा पाहू. नळीच्या आतल्या व्यासात बरोबर बसेल अशी शुद्ध शिशाची गोळी घ्यायची. अशा १२ गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं, तर ती नळी बारा बोरची. तो व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर येतो. अशा दोन नळ्या शेजारी शेजारी जोडायच्या, दोघींसाठी दोन स्वतंत्र चाप, पुढचा चाप उजव्या नळीचा आणि मागचा डावीचा. एकाच दस्त्यावर बसवलेल्या या दोन पूर्ण बंदुका असतात, आणि एका बंदुकीत जे बिघडू शकतं ते इथे दोनदा बिघडू शकतं.

आज आपण जिला दुनळी म्हणतो तिचा साचा इंग्लंडमध्ये १८६० ते १८९० या तीस वर्षांत पक्का झाला. नळ्यांच्या पोटाखालच्या लोखंडी दातांत अडकणारी पर्डेची कडी १८६३ ची. अंगठ्याने सरकवायच्या वरच्या खटक्याचं स्कॉटचं पेटंट १८६५ चं. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातल्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ मध्ये बाहेरचे घोडेच काढून टाकले आणि सगळी यंत्रणा पोलादी ठोकळ्याच्या पोटात बसवली. नळ्या खाली पाडल्या की आतले घोडे आपोआप चढतात, ही त्यांची करामत. या रचनेत भाग थोडे, करायला सोपे. म्हणून जगभर तिचीच नक्कल झाली. स्पेनमधल्या आयबारला झाली, बेल्जियमच्या लिएजला झाली आणि आपल्याकडे मुंगेर, जम्मू, श्रीनगरला झाली.

मुंगेरचं नाव वर्तमानपत्रांत गावठी कट्ट्यांच्या बातम्यांतच दिसतं, पण तिथे परवान्याच्या बंदुका करणारे तीनेक डझन छोटे कारखाने एकाच आवारात आहेत आणि त्यांची परंपरा जुनी आहे. मीर कासिमने १७६२ मध्ये आपली राजधानी तिथे हलवली आणि शस्त्रांचा कारखाना काढला, तिथपासूनची. जम्मूच्या आणि काश्मीरच्या कारागिरांकडे आणखी एक सोय होती, दस्त्याचं लाकूड. काश्मिरी अक्रोड बंदुकीच्या दस्त्यासाठी उत्तम समजला जातो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत परदेशी बंदुका आयात होत होत्या, त्यामुळे देशी बंदूक म्हणजे गरिबाची ग्रीनर असा हिशेब होता. मग सामान्य परवानाधारकांसाठी आयात बंद झाली. राष्ट्रीय पातळीवरच्या नेमबाजांना तेवढी सवलत राहिली. जुन्या वेब्ली-स्कॉट आणि ग्रीनर अशा इंग्रजी बंदुकांचे भाव चढले, आणि ज्याला नवी दुनळी हवी त्याच्यापुढे देशी नक्कल सोडून फारसा पर्याय उरला नाही. ज्या बाजारात दुसरा माल यायचाच नाही, तिथे मालाची प्रत कशी राहते हे आपण जुन्या स्कूटरच्या काळात पाहिलेलं आहे.

विलायती बंदुकीची नक्कल ही आपल्याला नवी गोष्ट नाही, आणि ती नेहमी वाईटच व्हायची असंही नाही. महादजी शिंद्यांच्या चाकरीत असलेल्या द बॉयनने आग्र्याला शस्त्रांचा कारखाना उभा केला, त्यावर सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस नेमला. युरोपी धर्तीच्या बंदुका तिथे नगाला सुमारे दहा रुपये खर्चात तयार होत, अशी नोंद आहे. १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंद्यांच्या ज्या तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, त्यांच्या घडणीबद्दल इंग्रजांनीच चांगलं लिहून ठेवलं आहे. पण तिथे एका हुकमतीखाली माप होतं, तपासणी होती, आणि माल नापास करायचा अधिकार असलेला माणूस होता.

मुंबईतल्या एका जुन्या परवानाधारक दुकानात मागच्या खोलीत बसणारे एक मिस्त्री मला भेटले. वय सत्तरीच्या पुढे, घराणं मूळचं मुंगेरचं, बोलणं मुंबईचं. गिऱ्हाईक त्यांना चाचा म्हणतात. बाकावर पनवेलच्या बाजूची एक दुनळी होती. त्यांनी पुढचं लाकूड काढलं, दस्ता काखेत धरला आणि नळ्यांना नुसता हलका झोका दिला. खट् खट् असा आवाज आला. ‘ऐकलं?’ मग ती खिडकीकडे धरून दाखवली. नळ्यांचं बूड आणि पोलादी ठोकळ्याचा चेहरा, यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ दिसत होती. ‘इथून केससुद्धा जायला नको. तुमचा तर उजेड जातोय.’

हे दुनळीचं सर्वात मोठं दुखणं. बार झाला की काडतूस मागे ठोसा मारतं आणि तो ठोसा ठोकळ्याने झेलायचा असतो. नळ्या ज्या पिनेवर खालीवर होतात, ती पिन आणि नळ्यांखालच्या दाताची खोबण, या दोन पृष्ठभागांवर सगळं अवलंबून. ते एकमेकांना पूर्ण टेकलेले असतील तर बंदूक तीन पिढ्या चालते. एकाच ठिपक्यावर टेकलेले असतील तर सगळा ठोसा त्या ठिपक्यावर येतो, तो दबतो, मग फट पडते, फटीमुळे पुढचा ठोसा आणखी जोरात बसतो.

टेकवायचं कसं, ते चाचांनी करून दाखवलं. रॉकेलची चिमणी पेटवली आणि वात मुद्दाम वर करून धूर काढला. नळ्यांखालचा दात त्या धुरावर धरून त्यावर काजळीचा पातळ थर बसू दिला. मग नळ्या जोडल्या, बंदूक बंद केली, परत उघडली. जिथे लोखंड लोखंडाला लागलं होतं तिथली काजळी पुसली गेली होती. भुईमुगाच्या दाण्याएवढा एक डाग, खोबणीच्या डाव्या कडेला. बाकी सगळं काळंच. ‘म्हणजे इतकी वर्षं ही बंदूक एवढ्याशा जागेवर उभी होती.’ त्यांनी बारीक कानस घेतली, त्या उजळ डागावर दोन हात फिरवले, पुसलं, परत धूर, परत बंद, परत उघड. डाग थोडा मोठा झाला. परत. अर्ध्या तासाने तो डाग अंगठ्याच्या नखाएवढा झाला होता आणि चाचा म्हणाले, चहा सांगा.

इंग्लंडमधल्या चांगल्या कारखान्यात हे काम करणारा माणूस आयुष्यभर एवढंच करायचा. त्याच्यासाठी काजळीचा डाग पूर्ण पृष्ठभागावर पसरेपर्यंत काम संपत नसे. इकडे कारखान्याला महिन्याला ठरलेले नग बाहेर काढायचे असतात, ठरलेल्या किमतीत. बंदूक बंद झाली, खटका बसला, बाहेरून फट दिसत नाही, की माल पेटीत. दुकानात ती नवी कोरी आणि घट्ट लागते. गिऱ्हाईक ती उडवून बघू शकत नाही, दुकानाच्या काउंटरवर फक्त उघडून आणि बंद करून बघतो. उघडझाप छान झाली की खूश.

घट्टपणा आणखी एका कारणाने टिकत नाही. ठोकळ्याचं पोलाद मऊ असतं, कारण मऊ असेल तरच कानस चालते. सगळी बसवणी झाल्यावर हाडांच्या कोळशात घालून भट्टीत तापवून त्याची वरची साल कडक करायची असते. आत चिवट, वर कडक. या भट्टीत ठोकळा थोडा वाकतो, मग पुन्हा बसवणी करावी लागते. वेळ आणि पैसा दोन्ही जातात, म्हणून स्वस्त बंदुकीत ही पायरी वरवर होते किंवा होतच नाही. वरून रंग मात्र तसाच दिसतो, निळा-तपकिरी ढगाळ, कारण तो रसायनानेही आणता येतो.

हेच मऊ पोलाद आतल्या घोड्याच्या खाचेत आलं, की प्रकरण धोक्याचं होतं. चाप ओढला की एक छोटी पट्टी घोड्याच्या खाचेतून सुटते आणि घोडा पडतो. ती खाच मऊ असेल तर तिची धार गोल होते. मग उजवी नळी उडवली की त्या हिसक्यानेच डावा घोडाही सुटतो आणि दोन्ही बार एकदम होतात. खांदा निखळायची वेळ येते, आणि दुसऱ्या नळीचे छर्रे कुठे जातील त्याचा भरवसा नाही. चाप हलका लागावा म्हणून गावातल्या एखाद्या हुशार माणसाने ती खाच घासून दिलेली असली, तर बंदूक नुसती जमिनीवर टेकवली तरी उडू शकते. चाचांचा नियम आहे: चाप हलका करून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा पाजायचा आणि परत पाठवायचं.

स्प्रिंगांबद्दल थोडक्यात सांगतो. जुन्या धाटणीच्या दुनळीत इंग्रजी व्हीच्या आकाराच्या सपाट स्प्रिंगा असतात. त्या हाताने घडवून पाणी द्यायचं असतं. पाणी जास्त चढलं तर स्प्रिंग तडकते, कमी पडलं तर काही वर्षांत लुळी पडते आणि घोड्याच्या पिनेचा ठोका हलका होतो. काडतुसाच्या टोपीवर नुसता ओरखडा उठतो, बार होत नाही. उरणच्या काकांच्या बंदुकीचं तेच झालं असणार. तयार स्प्रिंग मागवून बसवली तर बसत नाही, कारण एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षाच्या दोन बंदुकांचेही सुटे भाग एकमेकांना लागत नाहीत. प्रत्येक बंदूक हाताने जुळवलेली, पण हाताने जुळवण्यात जी काळजी हवी ती घेतलेली नाही. यंत्राच्या कामातला सुटा भाग बदलायचा फायदा मिळत नाही आणि हाताच्या कामातला टिकाऊपणाही मिळत नाही. देशी नकलांची सगळ्यात मोठी गोची मला इथे वाटते.

जपानमध्ये एक उलट उदाहरण घडलं. अमेरिकेतल्या पार्कर कंपनीच्या जुन्या दुनळीची नक्कल १९८० च्या दशकात जपानच्या तोचिगीत एका कारखान्याने केली, विंचेस्टरसाठी तिथेच बंदुका बनत असत. मूळ बंदूक मोजून, यंत्रावर, सुताइतकाही फरक न ठेवता. ती नक्कल इतकी चोख झाली, की आज जाणकार तिला मूळ पार्करच्या पंक्तीला बसवतात. पण काही वर्षांत तो कारखाना थांबला आणि नंतर भाग मिळवायची अडचण तिथेही आलीच. स्पेनच्या आयबारला वेगळं झालं. त्यांच्या बंदुका मऊ पोलादाच्या म्हणून बदनाम होत्या. मग तिथल्या आया या कंपनीने १९५० च्या दशकात इंग्रज जाणकारांबरोबर बसून अस्सल इंग्रजी बंदुका नमुन्याला घेतल्या आणि कुठे काय चुकतं ते सुधारलं. आज त्याच कंपनीच्या बंदुका इंग्लंडमध्ये विकल्या जातात. आपल्याकडे असा कान उपटणारा गिऱ्हाईक कारखान्याला भेटला नाही.

आता दुरुस्तीतून होणारं नुकसान. ते मूळ दोषापेक्षा वाईट असू शकतं.

समुद्राकाठच्या माणसाला गंज माहीत आहे. नवी मुंबईत तर एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला पनवेलची, आणि चार महिने पाऊस. रेक्झिनच्या पिशवीत आत गेलेला दमटपणा बाहेर येत नाही, म्हणून बंदूक पिशवीत जितकी जपून ठेवावी तितकी जास्त गंजते. गंज दिसला की मालकाला वाटतं, नव्यासारखी काळीभोर करून घ्यावी. ‘ब्ल्यूइंग’ करून देणारे मिळतात. मोटारीचे आणि यंत्रांचे भाग काळे करण्याची एक पद्धत आहे: कॉस्टिक सोडा आणि सोऱ्याचं उकळतं द्रावण, पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा खूप वर तापवलेलं, त्यात भाग बुडवायचा. एकनळीला ते चालतं. दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी मात्र कथलाच्या डागाने जोडलेली असते, आणि गरम कॉस्टिक कथलाला खातं. बंदूक टाकीतून बाहेर येते तेव्हा आरशासारखी काळी असते. काही महिन्यांनी वरची पट्टी एका टोकाला उचलते. आत शिरलेला सोडा तिथेच राहतो आणि दोन नळ्यांच्या मधल्या पोकळीत, जिथे डोळा पोहोचत नाही, तिथून नळी आतल्या आत सडायला लागते. दुनळी काळी करायची खरी पद्धत म्हणजे मुद्दाम गंजवायचं, उकळायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, परत गंजवायचं, असं बरेच दिवस. एवढा धीर आणि एवढी मजुरी कुणाला परवडते?

पट्टी सुटली आहे का, हे ओळखायची चाचांची पद्धत कुणालाही घरी करता येईल. नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करायच्या, खालच्या दाताला दोरा बांधून लोंबकळत्या धरायच्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद आला तर डाग शाबूत. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, की कुठेतरी सुटलं आहे.

पॉलिशमध्ये दुसरा धोका कायद्याचा. गंजाचे खड्डे जावेत म्हणून कुणी एमरीच्या चाकावर नळी घासली, तर खड्ड्यांबरोबर कारखान्याचा क्रमांक आणि प्रूफची खूणही पुसट होते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या आठव्या कलमानुसार ओळखखुणा मिटवणं हा गुन्हा आहे. काल परवान्यातली बंदूक होती, आज तिचा क्रमांक परवान्याशी जुळवता येत नाही.

प्रूफबद्दल लोकांचा गैरसमज आहे तो इथेच दूर करतो. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी तपासतात आणि टिकली तर खूण मारतात. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला ती सनद १६३७ ची आहे, बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा कायदा १८१३ चा. खुणेचा अर्थ एवढाच, की त्या दिवशी नळी फुटली नाही. चाप, स्प्रिंग, बसवणी, पट्टी यांच्याविषयी ती खूण काहीही सांगत नाही. आणि ती सांगते तेही ठरावीक लांबीच्या काडतुसापुरतं.

लांबीचा हा मुद्दा जुन्या बंदूकवाल्यांनी तरी नीट वाचावा. जुन्या विलायती दुनळ्या आणि त्यांच्या बऱ्याच जुन्या देशी नकला ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी केलेल्या आहेत. आज जास्त करून मिळतं ते ७० मिलिमीटरचं. घोटाळा असा, की ७० चं काडतूस ६५ च्या घरात आरामात जातं. कारण ही लांबी उडवल्यानंतरच्या, तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. भरताना तोंड दुमडलेलं असतं म्हणून ते आखूड असतं. बार होतो तेव्हा तोंड उलगडतं आणि पुढच्या अरुंद भागात जाऊन बसतं, छर्ऱ्यांची वाट आवळते, दाब वाढतो. बंदूक लगेच फुटत नाही. ती ढिली होते, डोकं उठतं, खांदा दुखतो, आणि मालक म्हणतो शक्तिमान छापाचं काडतूस फार जोराचं आहे बुवा. काडतूस बिचारं ठरल्याप्रमाणेच असतं. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आपल्याकडच्या बारा बोरच्या काडतुसांचं ते माहेर. आपल्या नळीवर ६५ लिहिलंय की ७०, हे मालकाने बघायचं असतं. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांच्यापैकी बहुतेकांनी चष्मा शोधायला घेतला.

मग दुरुस्तीला न्यायचं कुठे? शस्त्र अधिनियमाचं पाचवं कलम बंदूक बनवणं, विकणं, दुरुस्त करणं आणि तिची चाचणी घेणं या सगळ्यांना एकाच ओळीत बसवतं. परवान्याशिवाय यातलं काहीही केलं तर शिक्षाही एकच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. म्हणजे तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतला लेथ चालवणारा कसबी माणूस, जो तुमच्या बिजागरीची पिन शतांश मिलिमीटरच्या मापात वळून देईल, तो या कामाला हात लावणार नाही, आणि त्याने लावूही नये. कायद्याचा हेतू उघड आहे, कट्टे बनवणारे हात थांबवायचे. पण पिन बदलणाऱ्याला आणि कट्टा बनवणाऱ्याला एकाच तराजूत घातल्यावर कसबी लोक या धंद्यात येणार कुठून? चाचांची दोन्ही मुलं दुसऱ्या धंद्यात आहेत. ‘परवाना दुकानाचा, जोखीम माझी, आणि गिऱ्हाईक महिन्याला किती? पोरांना काय सांगू?’

मग जे होतं ते जुगाड. ढिली बंदूक घट्ट करायची सोपी युक्ती म्हणजे दाताची कड हातोडीने ठोकून पसरवायची, नाहीतर खोबणीत पातळ पत्र्याची चकती घालायची. हातात घेतली की बंदूक नव्यासारखी लागते. दोन-तीन डझन बार झाले की परत खट् खट्. नीट काम करायचं तर जाड पिन नव्याने वळून बसवावी लागते, किंवा दातावर वेल्डिंगने लोखंड चढवून, काजळी लावून, परत कानसावं लागतं. मजुरी बंदुकीच्या बाजारभावाशी स्पर्धा करते. दुनळीला आता भाव राहिलेला नाही, कारण आत्मरक्षणासाठी परवाना मागणाऱ्याला पिस्तूल हवं असतं आणि ट्रॅप-स्कीट खेळणाऱ्याला एकावर एक नळी असलेली इटालियन बंदूक.

त्यातून २०१९ मध्येच एका परवानाधारकाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. ज्यांच्याकडे तीन होती त्यांनी एक सोडली, आणि सोडली ती बहुधा दुनळीच. बाजारात अशा बंदुका वाढल्या, भाव आणखी खाली आला. उरणसारख्या ठिकाणी एक गमतीची अडचण आहे: उरण-पनवेल नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं, शेजारचं अलिबाग रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. सख्ख्या चुलत भावांच्या बंदुकांचे परवाने दोन वेगवेगळ्या कार्यालयांत. बंदूक एकाच कारखान्याची, दुखणंही तेच, मिस्त्रीही तोच.

लाकडाचं राहिलं. दस्ता जिथे ठोकळ्याला मिळतो तिथेही बसवणीचाच प्रश्न असतो. लाकूड सगळीकडून टेकलेलं असेल तर धक्का पसरतो. दोनच ठिकाणी टेकलेलं असेल तर तिथून चीर जाते. त्यात घरचे लोक दर दिवाळीला बंदुकीत सढळ हाताने तेल ओततात, कुणी मशीनचं, कुणी खोबरेल. बंदूक कपाटात नळी वर करून उभी, त्यामुळे ते तेल वर्षभर ओघळत लाकडात मुरतं आणि दस्त्याचं डोकं स्पंजासारखं मऊ होतं. चाचा सांगतात, तेल थेंबभर, आणि बंदूक नळी खाली करून ठेवा, खाली फडकं घालून. खोबरेल तर अजिबात नको, थंडीत थिजतं आणि आतल्या यंत्रात चिकटा होतो. आचारसंहितेत ठाण्यात जो खटका सरकत नाही तो बरेचदा गंजामुळे नसतो, या चिकट्यामुळे असतो. रॉकेलने धुतला की सुटतो.

उरणच्या काकांची बंदूक अखेर चाचांकडे गेली. डाव्या बाजूची स्प्रिंग तडकलेली, उजवीची लुळी, नळ्यांत बारीक फट, पट्टी शाबूत. चाचांनी दोन स्प्रिंगा घडवायचं कबूल केलं. फट भरायला नको म्हणाले, पण ६५ चीच काडतुसं वापरा आणि वर्षाला चार बारांपलीकडे जाऊ नका, अशी अट घातली. काकांचं वय सत्तरीच्या पुढे गेलेलं, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ते आता हयातीतच वारसाच्या नावावर बंदूक करून देऊ शकतात. मुलगा नको म्हणतो. धाकटी सून म्हणाली, आमच्या नावावर करा, मी अर्ज भरते. दुकानाच्या वहीत काकांच्या सहीखाली पावती फाडली गेली आणि चाचांनी सांगितलं, दिवाळीनंतर फोन करा, आधी नाही.